एसक्यूएल + पायथन: क्वेरी बिनबोभाट चालते, पण बेरीज वहीशी जुळत नाही

संत्रा_हिशोब | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमना बाजारात मामांच्या आडतीवर हिशोबाचं काम पाहतो. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू झाला की पावत्यांचा ढीग पडतो आणि एक्सेलची फाइल उघडेपर्यंत चहा संपतो. म्हणून यंदा सगळा डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये आणला आणि वर पायथनच्या छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या. कॉलेजात एसक्यूएल होतं, पण पेपरपुरतं.

टेबलं तीन. 'शेतकरी' (आयडी, नाव, गाव, मोबाइल), 'पावती' (आयडी, शेतकरी_आयडी, तारीख, क्रेट, वजन, भाव) आणि 'उचल' (आयडी, शेतकरी_आयडी, तारीख, रक्कम). वजन किलोत, भाव टनाचा. रकान्यांची नावं डेटाबेसमध्ये खरंच मराठीत आहेत, एसक्यूलाइटला चालतात. इथे मात्र एसक्यूएलचे शब्द आणि आकडेही देवनागरीत लिहितो, फोनवर वाचायला बरं पडतं. चालवताना ते इंग्रजीत टाइप करायचे.

ही क्वेरी:

सिलेक्ट शे.नाव, सम(पा.क्रेट), सम(उ.रक्कम)
फ्रॉम शेतकरी शे
जॉइन पावती पा ऑन पा.शेतकरी_आयडी = शे.आयडी
जॉइन उचल उ ऑन उ.शेतकरी_आयडी = शे.आयडी
ग्रुप बाय शे.नाव

एरर काहीच नाही. पण क्रेट वहीपेक्षा जास्त, उचल तर कुठल्या कुठे. काही शेतकरी यादीतून गायबच. शिवाय कुऱ्ह्याचा माल काढायला गेलो तर त्या गावचे निम्मेच लोक येतात, बाकीचे टेबलात डोळ्यांना दिसतात तरी क्वेरीत येत नाहीत. आणि एका स्क्रिप्टने काल टाकलेल्या पावत्या आज नाहीत. काय चुकून राहिलं ते समजून नाही राहिलं.

महालकर | रविवार, रात्री ९:२५

एक्सेलमध्ये पिव्हट टेबल लावलं असतं तर हा धागाच निघाला नसता. चालू द्या.

जुनी_डीबीए | रविवार, रात्री १०:०२

महालकर, पिव्हटलाही चुकीच्या ओळी दिल्या तर ते चुकीचीच बेरीज करतं.

संत्रा, तुमच्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या वाटतात, पण त्या वेगळ्या आहेत. पहिली घ्या. ग्रुप बाय आणि सम दोन्ही काढून टाका, एकाच शेतकऱ्याचा आयडी घाला आणि नुसत्या ओळी बघा. समजा त्याच्या पावत्या तीन आहेत: ४०, ५५ आणि २५ क्रेट. उचल दोन वेळा: ५,००० आणि ३,०००. म्हणजे वहीत १२० क्रेट आणि ८,००० रुपये. तुमची क्वेरी किती ओळी देईल?

पाच नाही, सहा. प्रत्येक पावतीला प्रत्येक उचल जोडली जाते, कारण पावती आणि उचल यांचा आपसात काहीच संबंध तुम्ही सांगितलेला नाही, दोघींची गाठ फक्त शेतकऱ्याशी आहे. मग क्रेट दुप्पट होऊन २४० आणि उचल तिप्पट होऊन २४,०००. डेटाबेसने बरोबर तेच केलं जे सांगितलं होतं.

आता यावर पुष्कळ जण 'डिस्टिंक्ट लाव', म्हणजे सारख्या किमती एकदाच धर, असं म्हणतील. लावू नका. सम(डिस्टिंक्ट रक्कम) लिहिलंत आणि एखाद्याने दोनदा ५,००० ची उचल घेतली असेल तर एक उचल गिळली जाईल, आणि तो शेतकरी खूश होईल, मामा नाही. आधी दोन्ही बाजूंची बेरीज आपापल्या घरी करून घ्या, मग जोडा:

सिलेक्ट शे.आयडी, शे.नाव, पा.क्रेट, उ.उचल
फ्रॉम शेतकरी शे
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट शेतकरी_आयडी, सम(क्रेट) अॅज क्रेट फ्रॉम पावती ग्रुप बाय शेतकरी_आयडी) पा ऑन पा.शेतकरी_आयडी = शे.आयडी
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट शेतकरी_आयडी, सम(रक्कम) अॅज उचल फ्रॉम उचल ग्रुप बाय शेतकरी_आयडी) उ ऑन उ.शेतकरी_आयडी = शे.आयडी

गायब शेतकरी म्हणजे ज्यांनी उचल घेतलीच नाही ते. साधा जॉइन दोन्हीकडे जोडी सापडली तरच ओळ ठेवतो. लेफ्ट जॉइन डावीकडचे सगळे ठेवतो.

आणि ग्रुप बाय नावावर कधीच करू नका, आयडीवर करा. एका नावाचे दोन शेतकरी असले तर त्यांचा माल एकाच ओळीत जाईल. त्यात तुम्ही सिलेक्टमध्ये गावही मागितलंत तर एसक्यूलाइट त्या दोघांपैकी कुणाचं तरी गाव दाखवून मोकळं होतं. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस अशा वेळी सरळ नकार देतं, मायएसक्यूएलही ५.७ पासून मूळ सेटिंगमध्ये नकार देतं. एसक्यूलाइटच्या या समजूतदारपणाचा नवशिक्याला फार त्रास होतो.

तर्रीपोहे | रविवार, रात्री १०:१५

काल टाकलेल्या पावत्या आज नाहीत? काहून भाऊ, कमिट कोण मारेल, मी?

वर्धा_रोड | रविवार, रात्री १०:३१

तर्री बरोबर बोलतोय, फक्त समजावून सांगत नाही. पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल पहिल्या इन्सर्टच्या आधी स्वतःच ट्रान्झॅक्शन, म्हणजे बदलांचा एक गठ्ठा, उघडतं. तुम्ही कमिट म्हणेपर्यंत ते कच्चं असतं. त्याच कनेक्शनवर लगेच सिलेक्ट केलं तर नव्या ओळी दिसतात, म्हणून 'टाकलं' असं वाटतं. स्क्रिप्ट संपली, कनेक्शन बंद झालं, की सगळं परत. शेवटी कनेक्शनचं कमिट बोलवा, किंवा 'विथ' ब्लॉकमध्ये लिहा: ब्लॉक सुरळीत संपला तर कमिट, मध्ये एरर आली तर रोलबॅक, म्हणजे सगळे बदल मागे. मात्र तो 'विथ' कनेक्शन बंद करत नाही, ते वेगळं करायचं.

एक विचारायचं राहिलं. स्क्रिप्टमध्ये गावाचं नाव क्वेरीत कसं घालता? प्लस लावून जोडता का?

संत्रा_हिशोब | सोमवार, दुपारी १:४०

ताई, दंडवत. क्रेट आता बरेच जवळ आले, उचल तर पैशापर्यंत जुळली. कमिटचंही झालं.

पण दोन नव्या गमती. बाकी काढायला 'मालाची रक्कम वजा उचल' लिहिलं, तर ज्यांची उचल नाही त्यांची बाकी रिकामी येते. पूर्ण रक्कम यायला हवी ना? आणि मालाची रक्कम वजन / १००० * भाव अशी काढली, तर छोट्या शेतकऱ्यांची शून्य येते. ८५० किलो माल, टनाला २४,००० भाव, आणि रक्कम शून्य. मामा म्हणाले, हे यंत्र आपल्याला मार खायला लावेल.

वर्धा_रोड, हो, प्लस लावूनच जोडतो.

वर्धा_रोड | सोमवार, दुपारी २:०५

शून्याचं मी घेतो. एसक्यूलाइटमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच, मागचं छाटून. ८५० / १००० म्हणजे ०, पुढे कितीही भावाने गुणा. शून्य निदान डोळ्यांत भरतं. खरी भीती मोठ्या मालाची: १,८५० किलोचा १ टन होतो आणि ४४,४०० च्या जागी २४,००० येतात. ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आधी गुणा, मग दशांशाने भागा: वजन * भाव / १०००.०. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरही असंच छाटतात. मायएसक्यूएल दशांश देतं, म्हणून तिथून आलेली माणसं इथे हमखास पडतात.

आणि प्लस लावून जोडणं आजच बंद करा. नावात एक अवतरणचिन्ह आलं की क्वेरी मोडते, आणि बाहेरच्या कुणी मुद्दाम काही टाइप केलं तर टेबल जाऊ शकतं. क्वेरीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि किंमत वेगळी द्या.

जुनी_डीबीए | सोमवार, दुपारी ३:२०

रिकाम्या बाकीचं. लेफ्ट जॉइनमध्ये जोडी सापडली नाही की तिथे नल येतो. नल म्हणजे शून्य नाही, 'माहीत नाही'. २०,४०० वजा 'माहीत नाही' म्हणजे 'माहीत नाही'. तुम्हाला इथे माहीत आहे की उचल नसणं म्हणजे शून्य, तर तसं सांगा: कोअलेस(उ.उचल, ०), म्हणजे उचल नल असेल तर ० धर. पण हे सवयीने सगळीकडे लावू नका. भाव लिहायचा राहिला असेल तर तिथे शून्य घालणं म्हणजे माल फुकट विकल्याची नोंद करणं.

बर्डीची_पोर | सोमवार, सायंकाळी ६:४८

ताई, नलचा विषय निघालाच आहे तर माझंही बघा ना. मी एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात आहे. फी न भरलेल्या मुलांची यादी हवी होती:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर आयडी नॉट इन (सिलेक्ट विद्यार्थी_आयडी फ्रॉम फी)

गेल्या महिन्यापर्यंत बरोबर यादी यायची. आता एकही नाव नाही. सरांना वाटलं सगळ्यांची फी आली, पेढे आणायचेच बाकी होते.

जुनी_डीबीए | सोमवार, रात्री ९:१५

पेढे थांबवा. हे चालवा: सिलेक्ट काउंट(*), काउंट(विद्यार्थी_आयडी) फ्रॉम फी. पहिला सगळ्या ओळी मोजतो, दुसरा नल सोडून.

बर्डीची_पोर | सोमवार, रात्री ९:२२

२१४ आणि २११!

जुनी_डीबीए | सोमवार, रात्री ९:५०

तीन पावत्यांवर विद्यार्थ्याचा आयडीच नाही. बहुधा कुणीतरी रोख घेतली आणि 'नंतर भरू' म्हणून सोडून दिलं. खरं तर एकच पुरेसा होता.

नॉट इन म्हणजे आतून काय? आयडी पहिल्याशी समान नाही, आणि दुसऱ्याशी समान नाही, आणि... अशी साखळी. शेवटची कडी 'नलशी समान नाही' अशी आली की तिचं उत्तर ना खरं ना खोटं, 'माहीत नाही'. 'आणि'च्या साखळीत एक 'माहीत नाही' असलं तर पूर्ण साखळी कधीच खरी होत नाही, आणि व्हेअर फक्त खऱ्या ओळी ठेवतो. म्हणून यादी रिकामी. इन मध्ये हा त्रास जाणवत नाही, तिथे साखळी 'किंवा'ची असते.

नॉट एक्झिस्ट्स लिही:

सिलेक्ट वि.नाव फ्रॉम विद्यार्थी वि
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम फी व्हेअर फी.विद्यार्थी_आयडी = वि.आयडी)

नोव्हेंबरचीच फी बघायची असेल तर महिन्याची अट आतल्या व्हेअरमध्ये. हेच लेफ्ट जॉइनने करणार असशील तर महिन्याची अट ऑन मध्ये आणि व्हेअरमध्ये फक्त 'फी.आयडी इज नल'. महिन्याची अट व्हेअरमध्ये टाकलीस तर नल असलेल्या ओळी तिथेच गळतात, म्हणजे नेमकी न भरलेलीच मुलं. आणि '= नल' कधीच लिहू नकोस, ते कुणासाठीच खरं होत नाही.

त्या तीन पावत्यांचं आधी बघ. मुलांनी पैसे दिलेत आणि यादीत त्यांचं नाव थकबाकीत लागेल.

महालकर | सोमवार, रात्री १०:०५

'ना खरं ना खोटं' हे कुणाच्या डोक्यातून निघालं म्हणे?

जुनी_डीबीए | सोमवार, रात्री १०:२०

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. नलची ही तिहेरी तर्कपद्धत त्यांनी पुढे जोडली आणि एसक्यूएलमध्ये ती आली. डेटाबेसवाल्यांत त्यावर अजून भांडणं चालतात. मी स्वतः नलच्या बाजूची आहे. माहिती नसेल तर 'माहीत नाही' म्हणणारं यंत्र बरं, उगाच ० लिहिणारं नको.

बर्डीची_पोर | सोमवार, रात्री १०:४१

यादी आली, ३६ नावं. तिन्ही पावत्यांची मुलंही सापडली. ताई, तुमच्या पोस्टची वाचनखूण साठवली!

संत्रा_हिशोब | मंगळवार, दुपारी १२:१५

प्रश्नचिन्ह लावलं, तर एरर. त्याचं म्हणणं असं की क्वेरीत जागा एक आहे आणि किमती ६ दिल्यात. मी तर एकच गाव दिलं, कुऱ्हा. मग टेबलातून दुसऱ्या एका शेतकऱ्याचं गाव कॉपी करून दिलं, तेही कुऱ्हाच, तर म्हणे ७ दिल्यात. हे काय नवीन?

वर्धा_रोड | मंगळवार, दुपारी १२:३०

किमती टपलमध्ये, म्हणजे पायथनच्या कंसातल्या यादीत, द्याव्या लागतात आणि एकाच किमतीच्या टपलला शेवटी स्वल्पविराम हवा: (गाव,). तो नसला तर कंस नुसते शोभेचे राहतात, पायथन थेट स्ट्रिंग देतं, आणि मॉड्यूल तिचं एकेक अक्षर वेगळी किंमत समजतं. कुऱ्हा म्हणजे क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना. सहा. बरोबर.

पण सात कशी?

जुनी_डीबीए | मंगळवार, दुपारी १२:३८

थांबा. त्या एररने तुमची दुसरी अडचण सोडवली.

तुमच्या टेबलात दोन वेगवेगळे कुऱ्हे आहेत, दिसायला एकच. चालवा: सिलेक्ट गाव, लेन्थ(गाव), काउंट(*) फ्रॉम शेतकरी व्हेअर गाव लाइक 'कु%' ग्रुप बाय गाव.

संत्रा_हिशोब | मंगळवार, दुपारी १:०२

बाप्पा! कुऱ्हा तीनदा आलं. एक लांबी ६, दोन लांबी ७. तिन्ही स्क्रीनवर हुबेहूब. मी आणि मामा दोघं डोळे फाडून पाहून राहिलो.

तर्रीपोहे | मंगळवार, दुपारी १:१०

एका गावात तीन गावं. निवडणूक लागली का तिथं?

जुनी_डीबीए | मंगळवार, दुपारी २:३०

इंग्रजी पुस्तकांत हा भाग सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मराठी डेटा हाताळणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो.

दऱ्या, कुऱ्हाड, बऱ्हाटे, कुऱ्हा यांतला हा अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून जास्त रीतींनी लिहिता येतो. पहिली रीत: ०९३१ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर ऱ आणि त्यानंतर हलन्त. तुमच्या ६ लांबीचा कुऱ्हा तो. दुसरी: साधा र (०९३०), त्याला नुक्ता (०९३C ऐवजी आपण 'नुक्ता' एवढंच म्हणू), मग हलन्त. एक अक्षर वाढलं, ७. तिसरी: साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. कुर्‍हा. पुन्हा ७. बरेच जुने कीबोर्ड आणि फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर तिसरी रीत वापरतात, म्हणून जुन्या एक्सेलमधून आलेला डेटा बहुतेक तसा असतो आणि फोनवरून भरलेला पहिल्या रीतीचा. एसक्यूलाइट मूळ सेटिंगमध्ये बाइटला बाइट जुळवतं. त्याला ही तीन वेगळी गावं.

उपाय स्क्रिप्टमध्ये. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइज आहे, त्याला एनएफसी (युनिकोडचं एक ठरलेलं प्रमाण रूप) हा प्रकार द्या. तो दुसरी रीत पहिलीत बदलतो. तिसरीला मात्र हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती समान नाही. ती स्वतः बदलायची: र + हलन्त + जोडक जिथे दिसेल तिथे ऱ + हलन्त. शेवटी स्ट्रिप, म्हणजे मागेपुढे चिकटलेल्या जागा जातील.

नुसता जोडक पुसून टाकायचा मोह होईल, तो टाळा. पुसला तर कुर्‍हा चा कुर्हा होतो, र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि आता तुमच्याकडे चौथं गाव तयार.

ॲड. आणि अॅड. हेही असंच. ॲ हे एक स्वतंत्र अक्षर (०९७२), दुसऱ्यात अ वर चंद्र. एनएफसी या दोघांना एक मानत नाही.

आणि मूळ रकाना पुसू नका. गाव_मूळ म्हणून तसाच ठेवा, शुद्ध केलेलं वेगळ्या रकान्यात.

वर्धा_रोड | मंगळवार, दुपारी २:४४

नुक्त्याच्या क्रमांकात ताईंचा कीबोर्ड इंग्रजीत घसरला. ०९३सी. बाकी +१. ही पोस्ट प्रिंट काढून लावण्यासारखी आहे.

भर एवढीच: एक्सेलमधून सीएसव्ही काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्या. साधा सीएसव्ही घेतला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत, मूळ फाइल हवीच. यूटीएफ-८ च्या फाइलमध्ये एक्सेल सुरुवातीला एक अदृश्य खूण टाकतं, ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि 'आयडी रकाना सापडत नाही' अशी चक्रावणारी एरर येते. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, खूण निघून जाते.

संत्रा_हिशोब | मंगळवार, रात्री ८:५५

कुऱ्ह्याचे सगळे लोक आले. वरुड आणि वरूड मात्र वेगळेच राहिले.

जुनी_डीबीए | मंगळवार, रात्री ९:१०

ते राहणारच. र्‍हस्व-दीर्घ यंत्राने ठरवू नये. गावांचं वेगळं टेबल करा: आयडी, नाव, तालुका. शिवाय एक उपनावांचं टेबल, त्यात 'वरूड' आणि 'वरुड' दोन्ही एकाच गाव आयडीकडे. एक दिवस बसून हाताने भरायचं काम आहे, ते मामांना विचारून करा, तुमच्या अंदाजाने नको. तालुका हवाच, सावंगी नावाची गावं आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. नावावर जॉइन केलात तर पुन्हा पहिल्या दिवसासारख्या ओळी फुगतील.

संत्रा_हिशोब | बुधवार, दुपारी १२:५०

नोव्हेंबरची बेरीज काढली:

व्हेअर तारीख बिट्वीन '०१-११-२०२४' अँड '३०-११-२०२४'

यात डिसेंबरचाही माल येतो, ऑक्टोबरचाही. आणि 'क्रेट > १००' लावलं तर १२ क्रेटवाला पण येतो. एकूण क्रेट अजूनही वहीपेक्षा थोडे कमी आहेत.

वर्धा_रोड | बुधवार, दुपारी १:१५

तारीख आधी. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकार नाही, तुमच्या तारखा नुसता मजकूर आहेत आणि मजकूर डावीकडून जुळतो. '०५-१२-२०२४' हा मजकूर '०१-...' आणि '३०-...' यांच्यामध्ये बसतो, मग तो घेतला. महिना बघायची वेळच येत नाही. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा करा, म्हणजे मजकुराचा क्रम आणि कॅलेंडरचा क्रम एक होतो. पायथनच्या स्ट्रपीटाइमने दिवस-महिना-वर्ष वाचा आणि आयएसओ स्वरूपात लिहा. जी तारीख वाचताना एरर देईल ती बाजूला काढून डोळ्यांनी बघा, एक्सेलने कुठे महिना आधी लिहिला असेल तर तिथे पकडला जाईल. सगळ्या नाही, १२ पर्यंतचे दिवस गुपचूप उलटे होतात, त्यांना पावतीच्या क्रमांकावरून तपासावं लागेल.

पुढे तारखेत वेळही येणार असेल तर बिट्वीन नको. ३० तारखेच्या सायंकाळची पावती सुटते. '>= २०२४-११-०१' आणि '< २०२४-१२-०१' असं लिहा.

जुनी_डीबीए | बुधवार, दुपारी १:४०

१२ क्रेटवाल्याची मला शंका आहे. सिलेक्ट टाइपऑफ(क्रेट), काउंट(*) फ्रॉम पावती ग्रुप बाय टाइपऑफ(क्रेट). काय येतं?

संत्रा_हिशोब | बुधवार, दुपारी २:०३

इंटिजर बरेच, आणि टेक्स्ट ५८. रकाना तर इंटिजर ठरवला होता!

जुनी_डीबीए | बुधवार, दुपारी २:२५

एसक्यूलाइटमध्ये रकान्याचा प्रकार ही विनंती असते. आकड्यासारखं दिसलं तर आकडा करतं, नाहीतर आलं तसं मजकूर म्हणून ठेवतं. त्या ५८ ओळी उघडून बघा, मला वाटतं आकडे मराठीत असतील. एसक्यूलाइट फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. मराठी १२० ची बेरीज करताना ते शून्य धरतं, म्हणून तुमचे क्रेट कमी. आणि तुलना करताना कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं, म्हणून तो १२ वाला शंभरच्या वर गेला.

संत्रा_हिशोब | बुधवार, दुपारी ३:१०

मराठीच आहेत! दिवाणजी फोनवर मराठी कीबोर्डाने भरतात. मग आता बदलायचे कसे, एकेक अंक रिप्लेस?

वर्धा_रोड | बुधवार, दुपारी ३:२२

गरज नाही. पायथनच्या इंट ला मराठी अंक कळतात. मराठी '१२०' मजकूर द्या, सरळ एकशेवीस आकडा मिळतो. ५८ ओळी वाचा, इंट करा, अपडेट करा, कमिट. हजाराचा स्वल्पविराम असेल तर आधी काढा, नाहीतर इंट एरर देईल. ते बरंच म्हणायचं, कारण एसक्यूलाइटच्या कास्टला स्वल्पविरामासकट इंग्रजी आकड्यांतलं १,२५० दिलेत तर तो काही न बोलता १ देतो.

टेबल पुन्हा बनवाल तेव्हा चेक (टाइपऑफ(क्रेट) = 'इंटिजर') घाला. पुढच्या वेळी दिवाणजींना तिथल्या तिथे अडवेल.

तर्रीपोहे | बुधवार, दुपारी ३:३०

दिवाणजीले अडवणारं यंत्र! कळमन्यात पयल्यांदाच.

संत्रा_हिशोब | गुरुवार, रात्री ९:३५

क्रेट जुळले. वजन जुळलं. नोव्हेंबरची रक्कम एका पावतीने चुकत होती, ती वहीतच दोनदा चढलेली निघाली. मामा काही बोलले नाहीत, वही मात्र घेऊन गेले.

आता एकच राहिलं. एकाच नावाचे दोन शेतकरी एकाच गावात आहेत, त्यांना ओळखायला मोबाइल नंबर युनिक, म्हणजे दोघांचा एकच नसेल असा, करायचं ठरवलं. इंडेक्स लावायला गेलो तर तो नकार देतो.

जुनी_डीबीए | गुरुवार, रात्री १०:०५

देणारच. बापलेकांचा एकच नंबर दिला असेल, किंवा गाडीवाल्याचा नंबर चार जणांनी लावला असेल. तपासा: ग्रुप बाय मोबाइल हॅविंग काउंट(*) > १.

मोबाइलला युनिक लावू नका, तो माणसाचा नाही, फोनचा आहे. तुमच्या खातेवहीत प्रत्येकाला पान क्रमांक असेलच. तो खाते_क्रमांक म्हणून घ्या, त्याला युनिक लावा. पावतीलाही पुस्तक क्रमांक आणि पावती क्रमांक मिळून युनिक करा, म्हणजे दोनदा चढणारी पावती आत येणारच नाही. आणि प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन (टेबलांमधले आयडींचे दुवे तपासणारी सेटिंग) म्हणायला विसरू नका, एसक्यूलाइट ते मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवतं आणि उद्या शेतकरी पुसलात तर त्याच्या पावत्या बेवारस राहतील.

संत्रा_हिशोब | गुरुवार, रात्री १०:२०

पान क्रमांक आहे. पण मृग बहाराच्या मालाला मामा नवीन वही काढतात, पानं परत १ पासून.

जुनी_डीबीए | गुरुवार, रात्री १०:२८

मग युनिक (बहार, वर्ष, पान). तो शेतकऱ्याच्या टेबलात नको, वेगळ्या 'खाते' टेबलात ठेवा आणि तिथून शेतकरी_आयडीकडे बोट दाखवा. आंबियाचं पान ४१ आणि मृगाचं पान ७ एकाच माणसाचं आहे हे मामांकडून लिहून घ्या, शक्यतो नवीन वही निघायच्या आत.